फारसी कवितेच्या अभ्यासाला लागताना : आधी लगागा, मग शब्द

मराठी माणूस फारसीकडे वळला की पहिल्याच आठवड्यात त्याला एक खोटा धीर येतो. जमीन, आसमान, दोस्त, दुश्मन, हजार, हप्ता, दरवाजा. अर्धी भाषा आपल्याला घरबसल्या येतेच, असं वाटायला लागतं. हा धीर हाफिजच्या पहिल्या गझलेपाशी सुटतो. शब्द ओळखीचे, पण बेताचा, म्हणजे दोन ओळींच्या जोडीचा, अर्थ काही लागत नाही. माझं मत असं की फारसी साहित्यात शिरताना आपलं खरं भांडवल लघु (ल) आणि गुरू (गा) अक्षरं मोजायच्या सवयीत आहे आणि ते आपण वापरतच नाही. गझलेच्या ओढीने, इतिहासाच्या कामासाठी किंवा विद्यापीठात एमएला फारसी घेतली म्हणून, कशासाठीही सुरुवात करणार असाल, तरी पुढच्या पायऱ्या मी याच क्रमाने चढायला सांगेन.

कोणती फारसी, ते ठरवा

इराणची फारसी, अफगाणिस्तानची दरी आणि ताजिकिस्तानची ताजिकी ही एकाच भाषेची तीन रूपं आहेत. ताजिकी सिरिलिक लिपीत लिहितात. अफगाणिस्तानात 1964 च्या राज्यघटनेने ‘दरी’ हे नाव अधिकृत केलं. लिखित भाषा, विशेषतः जुनी कविता, तिघांची सामाईक आहे. फरक उच्चारांत जाणवतो. सिंह या अर्थाचा ‘शेर’ आणि दूध या अर्थाचा ‘शीर’ हे शब्द सारखेच लिहितात. काबूलमध्ये आणि आपल्याकडच्या जुन्या परंपरेत त्यांचे उच्चार वेगळे राहिले, तेहरानमध्ये दोन्ही ‘शीर’ झाले. जुने कवी मात्र हा ए आणि ई यमकात सहसा मिसळत नाहीत. त्यामुळे उच्चार तेहरानचा शिका, कारण शिक्षक, ध्वनिफिती आणि पाठ्यपुस्तकं तिथलीच जास्त मिळतात; पण वहीत प्रत्येक शब्दापुढे जुना स्वर टिपून ठेवा. नंतर यमकांवर काम करायचं ठरलं तर ही वही उपयोगी पडते.

लिपी

यात फार वेळ जाऊ नये. अक्षरं 32 : अरबीची 28 आणि पे, चे, झे, गाफ ही चार फारसीची भर. उर्दू वाचता येत असेल तर हा टप्पा जवळजवळ झालेलाच आहे. ज-सारखा एकच उच्चार चार अक्षरांनी, स तीन अक्षरांनी, त आणि ह दोन-दोन अक्षरांनी लिहिले जातात. हे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

खरी अडचण अशी की ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. ‘मर्द’ (पुरुष) आणि ‘मुर्द’ (मेला) कागदावर एकच. ‘गुल’ (फूल) आणि ‘गिल’ (चिखल) तेही एकच. म्हणजे शब्द आधीपासून माहीत असेल तरच तो वाचता येतो. म्हणून सुरुवातीचे काही महिने मुद्रित मजकूर नेहमी ध्वनिमुद्रणासोबत वाचा. हस्तलिखितांकडे वळाल तेव्हा आणखी एक गोष्ट कळेल : जुने लेखनिक गाफची वरची रेघ गाळून काफसारखंच लिहितात, आणि नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे ठिपके, कुठे कमी तर कुठे भलतीकडे. त्याची घाई आत्ता नको.

व्याकरण : सोपं, पण तीन जागा सोडून

फारसी व्याकरण संस्कृत शिकलेल्याला खेळण्यासारखं वाटतं. विभक्तिप्रत्यय जवळजवळ नाहीत, वाक्यात क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, आणि ‘फिक्र कर्दन’ म्हणजे विचार करणे, अशी जोडक्रियापदं तर आपल्याच धाटणीची. क्रियापदाची दोन मूळ रूपं, भूतकाळाचं आणि वर्तमानाचं, एकत्र पाठ करायची : रफ्त–रव, दीद–बीन, कर्द–कुन. एवढं झालं की मोठा डोंगर ओलांडला. तरी मराठी शिकणारा तीन ठिकाणी हमखास अडखळतो.

पहिली जागा इजाफतची. आपण ‘माझं मोठं घर’ म्हणतो, फारसीत मुख्य नाम आधी येतं आणि विशेषणं एका ‘ए’ने मागून जोडत जातात : खाने-ए-बुजुर्ग-ए-मन. हा ‘ए’ बहुतेक वेळा लिहिलेला नसतो. दोन नामं शेजारी दिसली की त्यांच्यात इजाफत आहे की नाही, हे वाचणाऱ्याने ठरवायचं, आणि कवितेत अर्थ बऱ्याचदा इथेच फिरतो.

दुसरी जागा ‘रा’ या प्रत्ययाची. तो कर्माला लागतो, पण प्रत्येक कर्माला नाही. ‘किताब खांदम’ म्हणजे पुस्तक-वाचन केलं. ‘किताब रा खांदम’ म्हणजे ते ठरावीक पुस्तक वाचलं. मराठीचा ‘ला’ कर्म सजीव आहे का हे बघतो (‘त्या माणसाला पाहिलं’, पण ‘झाड पाहिलं’), फारसीचा ‘रा’ कर्म निश्चित आहे का हे बघतो. दोन्ही भाषा कर्मांत भेद करतात, निकष वेगळे. शिवाय आपल्याकडे भूतकाळात ‘मी पुस्तक वाचलं, पोथी वाचली’ असं क्रियापद कर्माच्या मागे जातं. आजच्या फारसीत ते कायम कर्त्याच्या मागे जातं. गंमत म्हणजे सासानी काळातली मध्य फारसी भूतकाळात बरीचशी आपल्या बाजूची होती, म्हणजे तिथे सकर्मक क्रियापद कर्त्याशी जुळत नसे.

तिसरी जागा लिंगाची. फारसीत व्याकरणिक लिंगच नाही. तो, ती, दोघांनाही ‘ऊ’. शिकताना ही सुट्टीच वाटते. पण गझलेत प्रिय व्यक्ती पुरुष, स्त्री की ईश्वर हे फारसी उघड ठेवू शकते, आणि मराठीत भाषांतर करताना तुम्हाला ‘आला’ किंवा ‘आली’ यातलं एक लिहावंच लागतं. हाफिजच्या एका गझलेतल्या ‘शीराजच्या तुर्का’ला मराठीत आणायचं तर सुरुवातीलाच निवड करावी लागेल. ही निवड तुम्ही का केलीत, हे टिपणात लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

ओळखीच्या शब्दांवर विसंबू नका

‘शिकस्त’ म्हणजे आपल्याकडे पराकाष्ठा, फारसीत मोडणं किंवा पराभव. ‘गुलाब’ तिकडे गुलाबपाणी, फूल नुसतं ‘गुल’. ‘बाजू’ म्हणजे दंड. ‘दर्या’ इराणात आपल्यासारखाच समुद्र, पण दरी आणि ताजिकीत नदी. यादी लांबवण्यात अर्थ नाही. नियम एकच : शब्द जितका ओळखीचा, तितका कोशात आधी बघा.

वृत्त : इथे रेंगाळा

‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ हा चरण तुम्हाला ताल धरून म्हणता येतो ना? ते भुजंगप्रयात : लगागा चार वेळा. फिर्दौसीचा शाहनामा ज्या ‘मुतकारिब’ वृत्तात आहे त्यात लगागा तीन वेळा येतं आणि शेवटी एक गुरू कमी करून लगा. म्हणजे शेवटचं अक्षर गाळलेला भुजंगप्रयातच. सुमारे 50,000 बेतांचं, 1010 मध्ये पूर्ण झालेलं महाकाव्य मनाच्या श्लोकांच्या चालीवर म्हणता येतं, हे इराणी विद्यार्थ्यालाही ठाऊक नसतं. सादीचं बोस्तानही याच वृत्तात आहे. म्हणजे एक चाल कानात बसली की दोन अभिजात ग्रंथ उघडतात.

शाहनाम्याचा पहिलाच मिसरा (बेताची एक ओळ) घ्या : ‘ब-नाम-ए खुदावंद-ए जान-ओ खिरद’. पाडून, म्हणजे लघु-गुरूंच्या गणांत तोडून, बघू : ब-ना-मे / खु-दा-वं / दे-जा-नो / खि-रद. लगागा, लगागा, लगागा, लगा. इथे दोन इजाफती आहेत. ‘नाम-ए’मधली मोजताना गुरू धरावी लागते आणि ‘खुदावंद-ए’मधली लघु. एकाच ओळीत तोच ‘ए’ एकदा लांब, एकदा आखूड! ही सूट कवीला आहे, आणि वाचणाऱ्याने ती कानाने ओळखायची आहे. आता याची उलट बाजू पाहा. इजाफत लिहिलेली नसली तरी ओळ एका मात्रेने लंगडली की समजायचं, इथे एक ‘ए’ लपलाय. व्याकरणाने जो प्रश्न उघडा टाकला होता, तो वृत्त बऱ्याचदा सोडवून देतं. म्हणून म्हणतो, अर्थाच्या मागे लागण्याआधी ओळ पाडा.

दुसरा मिसरा : ‘कजीन बर्तर अंदेशे बर-नगजरद’. क-जीन-बर् / त-रं-दे / शे-बर्-नग् / ज-रद. इथे दोन नवे नियम दिसतात. ‘बर्तर’ आणि ‘अंदेशे’ जोडून ‘बर्तरंदेशे’ झालंय, कारण शब्दारंभीचा स्वर मागच्या व्यंजनावर बसू शकतो. आणि ‘जीन’मधला शेवटचा न मोजलेला नाही. मराठीत ‘जीन’ आपण गाल (गुरू, मग लघु) धरू. फारसीत दीर्घ स्वरानंतरचा न मोजणीत गळतो, म्हणून तो नुसता गा.

हा एक अपवाद सोडला तर आपली मोजणी तिकडे फार छान चालते. ‘दोस्त’, ‘यार’, ‘कार’ अशी जड अक्षरं अरबी धाटणीच्या अरूजशास्त्रात, म्हणजे वृत्तशास्त्रात, समजावून सांगायला अर्धं पान लागतं. आपण ‘दोस्त’ सहज गाल मोजतो, आणि फारसीतही तेच उत्तर येतं. मिसऱ्याच्या अगदी शेवटी मात्र असं जड अक्षर नुसतं गा धरतात. सादीचं प्रसिद्ध ‘बनी आदम आजा-ए यकदीगरंद’ घ्या : ब-नी-आ / द-मा-जा / ये-यक-दी / ग-रंद. शेवटचं ‘रंद’ एकच गुरू.

पुढची वृत्तंही अनोळखी नाहीत. ‘अगर आन तुर्क-ए शीराजी’ ही हाफिजची गझल लगागागा चार वेळा, मराठी गझल लिहिणाऱ्यांची वियद्गंगा. रूमीच्या ‘मसनवी’ या दीर्घकाव्याचं वृत्त गालगागा गालगागा गालगा. देवप्रियेतला एक गण काढला की ते मिळतं. मराठीत हा पूल बांधणारे माधव जूलियन (1894–1939) स्वतः फारसीचे प्राध्यापक होते. ‘छंदोरचना’ हा त्यांचा ग्रंथ आणि 1925 चा फारसी-मराठी कोश या दोन्ही गोष्टी मराठी वाचकाने हाताशी ठेवाव्यात. फारसी शिकवणारे बहुतेक वर्ग वृत्त शेवटच्या सत्रात ढकलतात. मराठी विद्यार्थ्यांसाठी तरी हा क्रम उलटा असायला हवा.

पहिलं पुस्तक कोणतं

हाफिजपासून सुरुवात करू नका. प्रत्येकाला तेच करायचं असतं, आणि म्हणूनच बरेच जण तिथेच सोडून देतात. सादीचं गुलिस्तान (1258) घ्या. आठ प्रकरणं, छोट्या गोष्टी, गद्याच्या मध्येच दोन-चार ओळींचं पद्य. हिंदुस्थानात शतकानुशतकं मुलांनी फारसी याच पुस्तकावर गिरवली, ती उगाच नव्हे. त्यानंतर बोस्तान, मग शाहनाम्यातलं रुस्तम-सोहराबचं आख्यान. शाहनाम्याची भाषा जुनी असली तरी वाक्यं सरळ आहेत आणि अरबी शब्द कमी. एवढं पचल्यावर हाफिज. बेदिल हा कवी आणि ‘सब्क-ए हिंदी’ म्हणून ओळखली जाणारी हिंदुस्थानी शैली सगळ्यात शेवटी.

कोश आणि आवृत्त्या

‘गंजूर’ हे संकेतस्थळ अभिजात कवितेचं मोठं भांडार आहे. कवितेचं वृत्तही तिथे दिलेलं असतं आणि वाचनं ऐकता येतात. शब्द शोधण्यासाठी, सराव करण्यासाठी ते उत्तम. पण शोधनिबंधात तिथला पाठ उद्धृत करू नका. त्याचं कारण मसनवीच्या पहिल्याच ओळीत आहे. सगळ्यांना पाठ असते ती ओळ, ‘बिश्नौ अज नै चून हिकायत मीकुनद’, बासरी काय गोष्ट सांगते ते ऐक. कोन्याच्या 1278 च्या हस्तलिखितात, म्हणजे रूमीच्या मृत्यूनंतर पाचच वर्षांनी लिहिलेल्या प्रतीत, ती ‘बिश्नौ ईन नै चून शिकायत मीकुनद’ अशी आहे : ही बासरी कशी तक्रार करते ते ऐक. ‘हिकायत’ दुसऱ्या मिसऱ्यात गेलंय. दोन्ही पाठ वृत्तात चोख बसतात, म्हणजे इथे वृत्ताची मदत संपली. आता प्रतींचं वय आणि परंपरा बघायची. सादीच्या वरच्या ओळीतही ‘यकदीगरंद’ऐवजी ‘यक पैकरंद’ म्हणणारे भेटतील, आणि तेही वृत्तात बसतं.

म्हणून कवीगणिक कोणती संपादित आवृत्ती चालते ते आधी माहीत करून घ्या. हाफिजसाठी कझवीनी-गनी (1941, 495 गझला) आणि खानलरी (486 गझला). गझलांच्या संख्येवरही दोघांचं एकमत नाही, यातच सगळं आलं. शाहनाम्यासाठी 1960 ते 1971 दरम्यान निघालेली मॉस्को आवृत्ती आणि आता त्याहून भरवशाची मानली जाणारी जलाल खालिकी-मुतलक यांची आठ खंडांची (1988–2008). सादीसाठी फोरूघी आणि यूसुफी. मसनवीसाठी निकल्सन.

कोशांत स्टाइनगासचा 1892 चा फारसी-इंग्रजी कोश जालावर फुकट मिळतो म्हणून सगळे तोच वापरतात. वापरा, पण त्याचा स्वभाव ओळखून. तो एका शब्दाचे दहा अर्थ देतो आणि कोणता अर्थ कोणत्या काळाचा, हे सांगत नाही. त्याने जुन्या कोशांतून जे घेतलं, त्यात 17 व्या शतकात गोवळकोंड्याला रचलेल्या ‘बुर्हान-ए काते’चा वाटा मोठा आहे, आणि त्या कोशात ‘दसातीर’ नावाच्या बनावट ग्रंथातले कधीच न बोललेले शब्द शिरलेले आहेत. ही दसातीर 1818 मध्ये मुंबईत छापली गेली आणि बऱ्याच विद्वानांना तिने फसवलं. तेव्हा एखादा सुंदर, दुर्मीळ ‘शुद्ध फारसी’ शब्द सापडला तर हुरळून न जाता देहखोदांच्या ‘लुगतनामे’त बघा. तिथे अर्थाखाली कवींच्या ओळी पुराव्याला दिलेल्या असतात. पुरावा नसेल तर शब्दावर भार टाकू नका.

सालांचा घोळ

इराणी पुस्तकावर छापलेलं साल हिजरी सौर असतं. त्यात 621 मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते मार्च मधल्या तारखांना 622. हस्तलिखितांवर आणि हिंदुस्थानात छापलेल्या जुन्या पुस्तकांवर हिजरी चांद्र असतं, तिथे हे गणित चालत नाही. 1320 सौर म्हणजे 1941, पण 1320 चांद्र म्हणजे 1902–03. चाळीस वर्षांचा फरक! त्यात 1976 ते 1978 मध्ये छापलेल्या काही पुस्तकांवर 2535, 2536 अशी शाही सनाची सालं दिसतील. नोंद करताना मूळ साल आणि कोणती गणना, दोन्ही लिहा.

विषय निवडताना

‘हाफिजचा सूफीवाद’ किंवा ‘फारसीचा मराठीवरील प्रभाव’ असले विषय घेऊ नका. त्यांना तळ नाही. पहिलं काम असं हवं की सामग्री तुमच्या टेबलावर मावेल.

साहित्यात मराठी अभ्यासकाला हात घालण्याजोगी एक जागा तयारच आहे. माधव जूलियन यांनी खय्याम मराठीत दोन वाटांनी आणला : ‘द्राक्षकन्या’ फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून आणि ‘उमर खय्यामकृत रुबाया’ थेट फारसीवरून. एकाच कवीच्या हातची ही दोन भाषांतरं वीस-पंचवीस रुबायांपुरती शेजारी ठेवून वाचली, तरी उत्तम निबंध होतो. मुंबईचा धागाही खरा आहे. इराणी लेखक सादिक हिदायत 1936 मध्ये मुंबईत आले, पारशी विद्वान बहरामगोर अंकलेसरियांकडे पहलवी (वर आलेली मध्य फारसी) शिकले, आणि ‘बूफ-ए कूर’ या कादंबरीच्या पन्नासच्या आसपास चक्रमुद्रित प्रती त्यांनी इथेच काढल्या. पहलवीकडे वळायचं असेल तर मुंबईच्या के. आर. कामा प्राच्यविद्या संस्थेचं ग्रंथालय पाहा. दख्खनकडे ओढ असेल तर अहमदनगरच्या बुर्हाण निजामशहासाठी ‘साकीनामा’ लिहून पुढे विजापूरला गेलेला फारसी कवी जुहूरी अजून मराठीत कोणी नीट वाचलेला दिसत नाही.

भाषाशास्त्रात ‘रा’ आणि ‘ला’ यांची तुलना हा मर्यादित, मोजता येण्याजोगा विषय आहे. गुलिस्तानच्या एका प्रकरणातली सगळी कर्मं काढा, ‘रा’ कुठे लागला आणि कुठे नाही याचा तक्ता करा, आणि मग आजच्या एखाद्या इराणी कथेचा. बदल आपोआप दिसेल, कारण जुन्या फारसीत ‘रा’ ‘साठी’ आणि ‘ला’ या अर्थानेही येतो.

भाषाशिक्षणाकडे वळणाऱ्यांनी आधी एक वास्तव पचवावं : पुस्तकातली फारसी तेहरानच्या रस्त्यावर कोणी बोलत नाही. ‘नान’चं ‘नून’ होतं, ‘मीखाहम’चं ‘मीखाम’, ‘रा’चं ‘रो’ किंवा नुसतं ‘ओ’. परकीयांना फारसी शिकवण्याच्या शाखेला इराणात ‘आजफा’ म्हणतात, आणि बोलीची रूपं कधी शिकवायची हा तिथला जुना वाद आहे. मराठी भाषकांसाठी शोधण्याजोगा प्रश्न वेगळा आहे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक रॉबर्ट लाडो यांनी 1957 मध्ये मांडलं की दोन भाषांचे भेद बघून शिकणाऱ्याच्या अडचणी आधीच सांगता येतात. पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये चुका म्हणजे शिकणाऱ्याच्या मनातल्या व्याकरणाचा पुरावा आहे असं सांगून रोख बदलला. मराठी विद्यार्थी ‘रा’ गाळतो तेव्हा तो ‘ला’च्या नियमाने गाळतो का? हे तपासायला एका वर्गाचे लेखी निबंध पुरतात. विद्यार्थ्यांची परवानगी घ्या, नावं काढून टाका, आणि प्रत्येक कर्मावर दोन खुणा करा : सजीव की निर्जीव, निश्चित की अनिश्चित. निर्जीव पण निश्चित कर्मांपाशी ‘रा’ सर्वांत जास्त गळलेला दिसला, तर मराठीचा हात आहे असं म्हणायला आधार मिळतो. सगळीकडे सारखाच गळत असेल, तर कारण शिकवण्यात किंवा पाठ्यपुस्तकात शोधावं लागेल.